पुढच्या दारातली शेगडी

बुधवारी संध्याकाळी चिन-फा पुढच्या पडवीत स्टुलावर बसून डुकराच्या पायांवरचे केस चिमट्याने उपटत होते.

"बाबा, आईच्या भुवयांचा चिमटा आहे तो!" शाळेत शिकवून घरी आलेली त्यांची मुलगी यून-ची म्हणाली.

"तिनंच शिकवलंय. एक केस राहिला तरी पाहुणा उठून जातो म्हणायची. परवा त्सेंग म्हणून एक जण सुटतोय. न्यायला कुणी येणार नाही, म्हणून इकडेच ये म्हटलंय."

यून-चीच्या कपाळावर आठी आली. दक्षिण तैवानमधल्या त्यांच्या गावात तुरुंगातून सुटलेल्याला दारातली पेटती शेगडी ओलांडायला लावतात आणि मग डुकराच्या पायाच्या रश्शात शेवया खायला घालतात. मागचं जळून जावं, म्हणून. ज्याला कुणी नाही त्याच्यासाठी हे चिन-फा करत. गेली तीस वर्षं!

चोविसाव्या वर्षी त्यांनी मित्रांबरोबर एका सराफाचं दुकान लुटलं होतं. झटापटीत मालकाचा पाय कायमचा अधू झाला. त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगाच्या स्वयंपाकघरात ते रांधायला शिकले आणि सुटल्यावर लग्नाच्या पंगतींचे आचारी झाले. दर नववर्षाला ते त्या सराफाच्या दारासमोर जाऊन मान खाली घालून उभे राहत. सातव्या वर्षी म्हातारा आतून ओरडला, "खांबासारखा उभा काय राहतोस? आत ये, चहा निवतोय!" हे सांगताना चिन-फा दर वेळी हसत आणि दर वेळी डोळे पुसत.

यून-ची मात्र शाळेत सांगत आली होती, की वडील ती आठ वर्षं मासेमारी जहाजावर होते.

"बाबा, या वेळी त्याला मागच्या दारानं घ्या ना. रस्त्यावरचे सगळे बघतात. शाळेत कुणाला कळलं तर?"

चिन-फा रागावले नाहीत. पाय धुऊन डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवत एवढंच म्हणाले, "मागच्या दारानं घेतला, तर तो सुटला कसा म्हणायचा?"

गुरुवारी पहाटे ते झोपेतच गेले.

शुक्रवारी सकाळी पुढच्या खोलीत त्यांचा फोटो, फुलं, उदबत्त्या होत्या. यून-चीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका श्येबाई चौघी शिक्षिकांना घेऊन आल्या होत्या. इतक्यात हातात प्लॅस्टिकची पिशवी घेतलेला पन्नाशीचा एक माणूस दारासमोर येऊन थांबला. दार सताड उघडं होतं, तरी तो आत येईना.

"कोण हो हे? नातेवाईक का?" श्येबाईंनी विचारलं.

यून-ची उठून बाहेर आली.

"मी त्सेंग. फा-दादांनी बोलावलं होतं." त्याची नजर आतल्या फोटोवर गेली. तो एक पाऊल मागे सरला. "मला माहीत नव्हतं, बाई. जातो मी. अशा वेळी माझ्यासारख्यानं दारात उभं राहू नये."

'बरं' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात पडवीत बसलेले लुओकाका उठले. ते तुरुंगातले निवृत्त पहारेकरी आणि चिन-फांचे जुने दोस्त.

"थांब रे. पोरी, शेगडी कुठाय?"

"काका, घरात सुतक आहे! आणि आत शाळेतल्या सगळ्या बसल्यात."

"सुतक तुला, भूक त्याला. तू नको खाऊस शेवया." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "कोर्टानं दिलेली शिक्षा तुरुंगाच्या फाटकाशी संपते, यून-ची. ती आपल्या उंबऱ्यावर पुन्हा सुरू करायचा हक्क आपल्याला कुणी दिला? तो आत का येत नाही, माहितीये? तिथं कैद्यानं आपण होऊन दार ओलांडायचं नसतं. कुणाला तरी 'चल' म्हणावं लागतं. बावीस वर्षं मी तेच म्हणत होतो. तुझा बाप मला चिडवायचा, पगारी दरवान म्हणून. तोही थांबायचा दारात. पाहिलं नाहीस कधी?"

तिने पाहिलं होतं. रोज संध्याकाळी, स्वतःच्याच घराच्या दारात, क्षणभर. तिला वाटायचं, गुडघे दुखतात.

आणि तिला नऊ वर्षांची ती स्वतः आठवली. दारात शेगडी, शेगडीपलीकडे एक अनोळखी, किडकिडीत माणूस. आई म्हणत होती, "म्हण ना, बाबा, घरात या." ती कपाटामागे लपली होती. तो माणूस बराच वेळ तसाच उभा होता. शेवटी आईनेच म्हटलं.

यून-चीने शेगडी आणली. पुढच्या दारात, भर रस्त्यासमोर, कोळसे पेटवले.

"हे काय चाललंय?" श्येबाई उठून आल्या.

"माझे वडील जहाजावर नव्हते, बाई." "आठ वर्षं तुरुंगात होते. त्यानंतर तीस वर्षं ते अशा माणसांना घरात घेत आले. मी तुमच्याशी खोटं बोलले."

श्येबाईंनी कोटाच्या बाह्या वर सारल्या. "बरं, शेवया कुठे ठेवल्यात? आणि डुकराचे पाय शिजायला दोन तास लागतील, आधी ते चढवा!"

"या, घरात या," यून-ची त्सेंगला म्हणाली. त्याने शेगडी ओलांडली.

दोन तासांनी वाफाळता वाडगा समोर आला. त्सेंगने एक पाय उचलून नीट निरखला. "एकही केस नाही," तो म्हणाला आणि वाडग्यावर वाकून रडू लागला. लुओकाकांनी त्याला आणखी शेवया वाढल्या.

वाचकहो, आपल्यापैकी कितीजणांच्या दारासमोर असा एखादा माणूस थांबलेला असतो! शिक्षा भोगून आलेल्याला आपण फार तर मागच्या दाराने घेतो आणि त्यालाच उपकार समजतो. त्याचं आयुष्य पुन्हा सुरू होण्यासाठी कुणाला तरी पुढच्या दारात उभं राहून एक शब्द उच्चारावा लागतो. तो वेळेवर उच्चारावा.

संध्याकाळी सगळे गेल्यावर यून-ची दारात आली. वडिलांची घरी यायची ही वेळ. शेगडीतले कोळसे राखेखाली अजून धुमसत होते. त्यांच्यापलीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहत ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, घरात या."