रक्तगटांची वही

पेन्सिलीचं बारीकसं टिंब, नावाच्या डावीकडे, समासात. माशीने घाण केली असेल म्हणून तिने नखाने खरवडून पाहिलं, पण ते निघेना. खाली आणखी एक होतं. मग चार नावं सोडून एक...

वही तिचीच. शाळेतली कारकुनी सुटली तरी रकाने आखायची खोड सुटली नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरचा सुतार रक्तावाचून दगावता दगावता वाचला. रक्त दिलं ते वरच्या शिंपिणीने, परक्या भाषेच्या, परक्या देवाच्या. तेव्हापासून इमारतीतल्या प्रत्येकाचा रक्तगट तिने टिपून ठेवला होता. शिवाय घरची भाषा (शुद्धीवर येणाऱ्याशी कुणी बोलायचं?) आणि धर्म (न जाणो, वेळ आलीच तर कुणाला बोलवायचं?) हेही लिहिलं होतं. परवा, शहरात दंगलीची कुजबुज सुरू असताना, कुठल्याशा मंडळाचा एक गोडबोल्या पोरगा आला. ‘मदतकार्यासाठीच हवीये मावशी, झेरॉक्स काढून लगेच आणून देतो,’ म्हणाला. आणि तिने त्याला चहा पाजून, अक्षराचं कौतुक ऐकून घेऊन, वही हातात दिली. आज वही परत आली ती या टिंबांसकट. आपल्या हातानेच पायावर धोंडा... छे, आपल्या पायावर कुठे? अकरा टिंबं होती, आणि सगळी शिंपिणीच्या धर्माच्या नावांपुढे... सगळी ‘त्यांची’. हा शब्द तिच्या मनात आजवर कधी आला नव्हता.

दार वाजलं. शिंपीण धापा टाकत उभी होती.

"मावशी, वही बघू जरा. जावेचं बाळंतपण अडलंय, रक्त लागेल म्हणतात. ओ निगेटिव्ह."

सांगायला हवं होतं... आत्ताच्या आत्ता, मुलंबाळं घेऊन कुठेतरी जा म्हणून. पण मग वही कुणी दिली, तेही सांगणं आलं. तिने वही पाठीमागे धरली.

"वही कशाला? तोंडपाठ आहे मला. सुताराचा धाकटा, आणि मी. चल."

शिंपिणीने तिचा हात घट्ट धरला. "तुम्ही आहात म्हणून आम्ही इथे निर्धास्त आहोत बघा."

रक्त हवं तेवढं घ्या, असं तिला वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. पण मघाशी पहिलं टिंब ओळखू आल्याबरोबर तिने सगळ्यांत आधी पान उलटून स्वतःचं नाव शोधलं होतं, आणि समास कोरा दिसल्यावर छातीतून एक श्वास सुटला होता... जिना उतरताना, शिंपिणीच्या घामेजल्या मुठीत हात असतानाही, तो हलकेपणा काही केल्या जाईना.