खाडीचं पाणी प्यालेला इंटरकूलर

मित्रांनो, मी एक जुना इंटरकूलर आहे. नाव ऐकून घाबरू नका. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतात आणि दाबली की ती तापते. तापलेल्या हवेनं इंजिन धापा टाकतं, म्हणून ती आधी माझ्यातून जाते. माझ्या नळ्यांत थंड पाणी फिरतं आणि हवा निवते. इतकंच माझं काम, पण मी ते नेटानं करतो.

माझं अंग ॲल्युमिनियमचं. पहिली गाडी अपघातात मोडली आणि मी भंगारात जाऊन पडलो. तिथून मला दिवाळे गावच्या नामदेव कोळींनी उचललं. होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं! त्यांनी मला आपल्या जुन्या, टर्बो इंजिनाच्या टेम्पोत बसवलं. त्यांच्या पत्नी पुतळाबाई त्यातून पारसिक टेकडीवरच्या गिऱ्हाइकांना मासळी नेत.

होडीचं इंजिन खाडीचं पाणी ओढतं, गार होतं आणि ते परत खाडीत सोडतं. नामदेवांनी जन्मभर हेच पाहिलेलं. त्यांनी माझ्यातही बिनधास्त खाडीचं पाणी भरलं. माझ्या पाण्याची टाकी खाली बसवली आणि होडीचे उरलेले अरुंद पाइप दोन ठिकाणी मुरगळून जोडले. पहिले काही महिने मी मजेत होतो, खोटं कशाला बोलू? टेम्पो टेकडी अशी चढे की पुतळाबाई कौतुकानं बोनेटवर थाप मारत.

मग मीठ मला आतून खाऊ लागलं. पांढरा थर साचला, पाइपांच्या वळणांत हवा अडकली आणि एक दिवस मला बारीकसं भोक पडलं. पाणी इंजिनाच्या वाटेनं गेलं. टेकडीच्या मध्यावर टेम्पो पांढरा धूर ओकत थांबला. असं तीनदा झालं. नामदेवांनी इंजिन खोलून पाहिलं, पण दोष सापडेना.

"माजा हात गेला गो," ते पुतळाबाईंना म्हणाले. "रविवारी गारी भंगारात देतो."

टेम्पो गेला की टेकडीवरची गिऱ्हाइकंही जाणार होती. मला तर भट्टीच दिसू लागली.

शनिवारी त्यांच्या मुलीनं, उन्नतीनं, मला बाहेर काढलं. ती खारघरच्या कॉलेजात गाड्यांचं शिकते. तिनं मला उलटं धरलं, तर पांढरा चुरा खाली पडला.

"बाबा, यात कुठलं पानी घातलंस?"

"खाडीचं. आपली होरी जलमभर तेच पिते की!"

"होरीचा कूलर तांब्यापितळेचा, आनि पानी येतं नि जातं. इथं तेच पानी कोंडून फिरतंय, आनि हा ॲल्युमिनियमचा हाय. मीठ याला खातं."

मला वाटलं, आता नामदेव चिडणार, काही खरं नाही. नामदेवांनी तो चुरा चिमटीत चोळून पाहिला.

"मंग काय घालायचं?" त्यांनी विचारलं. या माणसानं कोणाला काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला आतून धुतलं, भोक वेल्डिंगनं बुजवलं. रुंद, सैल वळणांचे नवे पाइप आले. टाकी सगळ्यांत वर गेली आणि पाणी फिरवणारा पंप खाली, म्हणजे अडकलेली हवा वर निघून जाते. "नळाचं पानीबी नको," उन्नती म्हणाली. डिस्टिल्ड, म्हणजे क्षार काढलेलं पाणी आणलं, त्यात ॲल्युमिनियमला मानवणारं कूलंट मिसळलं. ते ओतलं नामदेवांनीच, एक थेंब न सांडता. बुडबुडे थांबेपर्यंत त्यांनी पंप चालवला. हात कुठेही गेला नव्हता, मित्रांनो!

रविवारी टेम्पो न थांबता टेकडी चढला. भंगारातून उचलणाऱ्याचा मी ऋणी आहे, आणि मला उलटं धरून पाहणारीचाही. यंत्रात काही ओतण्याआधी ते कशाचं बनलंय एवढं विचारा, हीच माझी विनंती.

परवा शेजारचे सिताराम नवी गाडी घेऊन आले. "नामदेव, रेडिएटरात नळाचं पानी भरू ना?"

"थांब," नामदेव म्हणाले. "माजी चूक झाली व्हती. माज्या पोरीला इचार."

उन्नती हातातला पाना तसाच धरून बापाकडे बघत राहिली.