परातीच्या काठावरची नऊ नावं

मित्रांनो, मी परात. पितळेची, जुनी, शंभरी केव्हाच ओलांडलेली. शांत बसून ऐका असं मी सांगणार नाही, कारण मलाच एका जागी बसवत नाही. ओट्यावर ठेवलं की खुडखुडते, शेजारी मिक्सर लागला की थरथरते. आमची संजना म्हणते, "हिचं बूडच वाकडं आहे." आहेच मुळी! पण कशानं वाकडं झालं हे विचारलं का कधी? तोफेच्या गाड्यामागं बांधून सात महिने खडखडत नेलं असतं, तर तुमचं तरी काय धड राहिलं असतं?

राजापूरच्या बाजूला रामचंद्र नावाचा गाडीवान होता. त्याच्या लग्नात मी त्याच्या घरी आले. पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा मुंबईत स्वयंसेवकांची एक जड तोफांची पलटण होती. शिपाई कसले, रेल्वेचे फिटर नाहीतर बँकेचे कारकून! सोमवार ते शनिवार नोकरी आणि रविवारी तोफ. गाडीवान त्यांना 'रविवारची पलटण' म्हणून चिडवायचे. पण बोलावणं आलं तेव्हा त्यातला एकही मागे राहिला नाही, हे मी कबूल करते. तोफा एवढ्या अवजड की एकेकीला आठ बैलजोड्या लागायच्या. ते बैल हाकायला रामचंद्र निघाला, आणि त्याच्या कांबळ्यात गुंडाळून मीही निघाले.

बोटीनं ह्याच, दुबईसमोरच्या आखातातून आम्ही इराकातल्या बसऱ्याला उतरलो. पुढे नुसता चिखल, आणि चिखल वाळला की आग. तोफ उडाली की माझ्यातलं पीठ उडून रामचंद्राच्या मिशांवर बसायचं. शिधा संपला की तोफा डागणारे गोलंदाजसुद्धा गाडीवानांच्या चुलीपाशी येऊन बसत. बाप्टिस्ट नावाचा वसईचा एक फिटर तर भाकरी हातावर घेऊन म्हणायचा, "रामचंद्र, ही परात माझ्या तोफेपेक्षा कामाची आहे!" मी फुशारून जायची. आजवर कुणी इतकं कौतुक केलेलं नाही हो माझं.

पण माणसं मरत होती. गोलंदाज गेला की लाकडी क्रूस रोवत, त्यावर नाव घालत. गाडीवान गेला की वहीतला एक आकडा कमी व्हायचा, बस्स. रामचंद्राला ते सहन होईना. त्यानं एक खिळा घेतला, बैलांना नाल ठोकायची हातोडी घेतली, आणि माझ्या काठावर टोचून टोचून अक्षरं काढली. 'कै.' आणि पुढे गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव. "नाव घातलेलं भांडं पंगतीत हरवत नाही," तो म्हणाला, "मग माणूस कसा हरवेल?" प्रत्येक टोच्याला मी कळवळले. अशी नऊ नावं झाली.

लढाई संपली. पलटणीला शाबासकी मिळाली, गोलंदाजांना पदकं मिळाली. रामचंद्र मला घेऊन गावी परतला. पुढे त्याच्या नातवाची बायको, सत्यभामा, लग्न होऊन आली. भाकरीचं पीठ मळता मळता ती काठावरची, लढाईत गेलेल्या त्या गाडीवानांची नावं वाचायची. मग गॅस आला, स्टील आलं, आणि मी वीस वर्षं माळ्यावर पडून राहिले. माझ्यासारखीनं वीस वर्षं गप्प पडून राहायचं म्हणजे काय शिक्षा, ते माझं मलाच ठाऊक.

गेल्या वर्षी सत्यभामा दुबईला मुलाकडे आली, अल मनखूलच्या फ्लॅटवर. मुलगा धनंजय रुवैसच्या रिफायनरीत, घरी येतो शनिवार-रविवार. घरात सून संजना आणि नात मिहिका. "गणपतीच्या मोदकांची उकड परातीतच मळायची," असं म्हणून सत्यभामानं मला आमसुलांबरोबर बॅगेत कोंबून आणलं.

आता चूक झाली ती ऐका. संजना वाईट नाही हो, उलट हौशी फार. गणपतीला ऑफिसची माणसं येणार, आणि परात ही अशी काळवंडलेली! सासूबाईंना सरप्राइज द्यायचं म्हणून तिनं मला गुपचूप बर दुबईतल्या भांड्यांच्या दुकानात नेलं. "हे जुने टोचे पूर्ण घालवा," ती म्हणाली, "एकदम मिररसारखी चकाचक करा, आणि काठावर 'मिहिका' नाव घाला." भांड्यावर लेकीचं नाव घालावं, ही आपली रीतच. त्यासाठी आपण नऊ माणसं पुसायला सांगतोय, हे तिला बिचारीला कुठं माहीत!

त्याच दुपारी वरच्या मजल्यावरचा सॅव्हियो सत्यभामाकडे आला. तो त्या फिटर बाप्टिस्टचा पणतू, हॉटेलात नोकरीला. चार वर्षं राबून त्यानं पलटणीचा युद्धातला इतिहास लिहिला होता. पुस्तक दुसऱ्या दिवशी छापायला जाणार होतं.

"आजी, गोलंदाजांची सगळी नावं मिळाली," तो म्हणाला. "पण नऊ गाडीवान गेले, त्यांची कुठल्याच रेकॉर्डमध्ये नाहीत. 'नावे उपलब्ध नाहीत' असंच छापावं लागणार."

"उपलब्ध नाहीत? अरे, आमच्या परातीच्या काठावर आहेत की!"

संजनाच्या हातातला चहाचा कप तिथंच थांबला. तिनं रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं, आणि सगळे धावत सुटले. सत्यभामाच्या एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात मिहिकाची. "आजी, वेट! युअर चप्पल्स!" मिहिका ओरडत होती.

इकडे दुकानात माझी पाचावर धारण बसली होती. "यल्ला समाधान, चल आटप, संध्याकाळपर्यंत खलास कर," मालक म्हणाला. जालन्याकडच्या समाधाननं मला धरलं आणि पॉलिशचं चाक सुरू केलं. पहिलं नाव गेलं. दुसरं गेलं. मी केवढी थरथरत होते! पण त्याला वाटलं, चाकाचाच हादरा. तिसऱ्या नावाचा 'कै.' पुसला, आणि दारातून सत्यभामाचा आवाज आला, "थांब रे बाबा! थांब!"

चाक थांबलं. "मावशी, मला सांगितलं तेच केलं मी," समाधान म्हणाला. मग त्यानं खाली वाकून वाचलं. "कैलासवासी माणसं हायेत ही? मंग आधी सांगायचं न्हाई का कुणी?" त्यानं मला उचलून सत्यभामाच्या हातात दिलं.

सत्यभामानं तांदळाचं पीठ मागवून काठावर चोळलं. टोच्यांत पीठ भरलं आणि अक्षरं पांढरी उमटली. सात नावं सॅव्हियोनं लिहून घेतली. पुसलेल्या दोन नावांपैकी एक सत्यभामाला आठवलं, विठू बाबाजी लांजेकर, कारण तिच्या भावाचं नावही विठू. पण दुसरं? तिनं डोळे मिटले, कपाळावर हात मारून घेतला. आठवेचना.

"माझ्यामुळे गेलं, आई," संजना हमसून हमसून रडायला लागली.

"तुझ्या एकटीमुळे नाही गं. मी इतकी वर्षं नुसतं वाचलं, कागदावर एकदाही उतरवलं नाही."

पुस्तक छापून आलं. त्यात आठ नावं आहेत आणि नववी ओळ मोकळी आहे. ते पान उघडलं की माझ्या जिवाची नुसती तगमग होते. मित्रांनो, जुनी वस्तू चकचकीत करायला नेण्याआधी ती एकदा नीट वाचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि सांगतील ते लिहून ठेवा.

आणि एक काम माझ्यासाठी करा. ते नववं नाव मला ठाऊक आहे. रामचंद्रानं सगळ्यात आधी टोचलं होतं ते. एकोणीस वर्षांचा पोर, बैल पाणी प्यायल्याशिवाय स्वतः घोट घेत नसे. बैलांना नदीवर नेलं असताना गोळा पडून गेला. त्या दिवशी दुकानात मी जिवाच्या आकांतानं ओरडून सांगत होते, पण परातीचं कोण ऐकणार! तुम्ही ऐकताय, तर पेन्सिल घ्या. धाकू रावजी मांडवकर. लिहिलंत?