मूळ पुसू नका

फेरेट हा मुंगसाच्या अंगलटीचा प्राणी. त्याच्या जबड्याचे सूक्ष्मदर्शकाखाली काढलेले फोटो मी घरी बसून तपासते. एका डेंटल कॉलेजचं काम आहे. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मधल्या बारीक फटीत तंतू ताणलेले असतात, एक टोक मुळात, दुसरं हाडात. माणसाचंही तसंच. दात निखळून पडला, तरी ते ओले राहिले तर पुन्हा धरतात. वाळले की मेले.

मी कामात असले की माझ्या आठ वर्षांच्या अनुष्काला शेजारच्या कार्मिन मावशी सांभाळतात. त्या दुपारी त्यांच्या अंगणातून ती किंचाळली. मी धावले. झोपाळ्यावरून तोंडावर आपटली होती. ओठ रक्ताळलेला, समोरचा दात जागेवर नाही.

"दात कुठाय?"

"छपरावर टाकला, उंदराच्या नावानं," तिला मांडीवर घेतलेल्या कार्मिन मावशी म्हणाल्या. "रडू नको बाय, नवीन येल."

"मावशी, तो नवीनच होता. दुधाचा मागेच पडलाय."

त्यांचा चेहरा उतरला. "पास्कल, शिडी आन," त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

पास्कलकाका कौलं चाचपत होते. मी खालून नुसती घड्याळ बघत होते. अखेर पन्हळीत दात सापडला. मावशींनी झटकन घेतला आणि गाऊनच्या टोकानं पुसायला लागणार, तोच मी ओरडले, "मूळ पुसू नका!"

त्यांनी चटका बसल्यासारखा तो माझ्या हातावर ठेवला. चावायच्या टोकाला धरून मी तो थंड दुधात हलकेच बुडवून काढला. फोटोंपलीकडे माझा अनुभव शून्य. उलटा बसला तर? तिच्या शेजारच्या दाताकडे बघत तो हळूच जागेवर ढकलला. अनुष्कानं रुमाल चावून धरला आणि आम्ही रिक्षानं दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तो शेजारच्या दातांना तारेनं बांधला. "जगेल की नाही, आत्ता सांगता येणार नाही," म्हणाले.

मग मावशी रोज सकाळी पेज घेऊन यायच्या. "हिला बघायला देऊ नये माझ्याकडं," एकदा पुटपुटल्या.

"मग कोणाकडे देऊ?" मी म्हटलं.

तार काढायच्या दिवशी त्याही आल्या. डॉक्टरांनी आरशाच्या दांड्यानं दातावर टकटक केली, मग शेजारच्यावर. तंतू मेले तर दात थेट हाडाला चिकटतो आणि धातूसारखा वाजतो. दोन्ही आवाज सारखेच.

"किंचित हलतोय," डॉक्टर म्हणाले.

मावशींनी माझं मनगट आवळलं. "हलतो अजून?"

"थोडा हलायलाच हवा, मावशी. तंतूंनी धरलंय त्याला."

इतका वेळ उभ्या असलेल्या मावशी तेव्हा कुठे खुर्चीत बसल्या.