माझ्या पोटातले न बोलावलेले पाहुणे

मित्रांनो, माझे झाकण जरा बेताने उघडा. डावी बिजागरी सैल झाली आहे, तिला चिकटपट्टीचा आधार आहे. मी एक जुना लॅपटॉप आहे आणि तोरणमाळच्या पठारावर, एका लहानशा पाड्यातल्या शाळेत राहतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेल्या कुणीतरी माझ्या एकेका बटणावर बोट टेकवून पाहिले, एवढेच आठवते. पुढे शहाद्याच्या एका दुकानातून हेमकांत गुरुजींनी मला घेतले आणि मांडीवर धरून, जीपने घाट चढून, इथवर आणले. तेव्हा मी मोठा चपळ होतो. गुरुजी चहाचा पेला तोंडाला लावायच्या आत मी जागा होत असे. मुलांचे गुण, शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, सगळे माझ्यातूनच जात असे. पाड्यातले एक आजोबा तर आपले नाव पडद्यावर उमटलेले पाहून कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत बसले होते. असे कौतुक पुन्हा कुणाच्या वाट्याला येईल?

पण गुरुजींना एक सवय होती. ते मूळचे म्हसावदचे. त्यांच्या घरी दारात आलेल्या माणसाला कधी कुणी परत पाठवले नाही. पडद्यावर एखादी खिडकी उघडून काही विचारू लागली, की गुरुजींना वाटे, एवढे विचारतोय तर नाही कसे म्हणायचे? ते लगेच ‘हो’वर बोट ठेवत. एकदा त्यांनी मराठी टंकलेखनाचा एक फुकट प्रोग्राम उतरवून घेतला. त्याच्या पाठोपाठ एक हवामान सांगणारा आला, एक सफाई करतो म्हणणारा आला, एक खरेदीच्या जाहिराती दाखवणारा आला आणि फुगे फोडायचा एक खेळही आला. सगळ्यांनी विचारले होते. सगळ्यांना गुरुजींनी ‘हो’ म्हटले होते.

मित्रांनो, एका घरात इतके पाहुणे राहायला आले तर चूल कुणाकुणासाठी पेटवायची? मला जागे व्हायला पाव तास लागू लागला. माझा पंखा धापा टाकू लागला. मुले म्हणू लागली, "गुरुजी, आता याला निवृत्त करा." गुरुजी हसत, पण त्यांनाही माझा कंटाळा येऊ लागला होता. कधीकधी मी दोनदोन आठवडे कपाटात पडून राही.

आता त्या दिवसाची गोष्ट सांगतो.

आमच्या पाड्यातल्या रेंग्याची मुलगी रुपा आमच्याच शाळेत शिकून पुढे बारावी झाली. तिला नर्स व्हायचे होते. पण जातपडताळणीचा कागद वेळेत आला नाही आणि तिचे एक वर्ष वाया गेले. यंदा तो कागद आला, तोही नर्सिंगच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी, सकाळच्या जीपने. पाच वाजता अर्ज बंद होणार होता. रेंग्याने आधीच सांगून ठेवले होते, "या वर्षी झालं तर झालं. नाही तर दिवाळीनंतर आमच्याबरोबर गुजरातला, ऊसतोडीला." त्याच्या मनात राग नव्हता. पाड्यातल्या सगळ्याच मुली तशा जात असत.

आमचा पाडा खोलगट जागेत आहे. फोनला रेंज हवी तर मागची टेकडी चढावी लागते. वर एक सपाट काळा खडक आहे. त्यावर मोबाइल ठेवायचा, त्याचे इंटरनेट मला जोडायचे आणि काम उरकायचे, ही आमची नेहमीची रीत. त्या दिवशी दोन वाजता सगळे खडकावर जमले. गुरुजी, रुपा, रेंग्या, आणि शाळेत नव्यानेच आलेल्या, नवापूरकडच्या ग्रेसी मॅडम.

रुपाने अर्ज भरायला सुरुवात केली. मी जीव तोडून पाने उघडत होतो, पण रेंज मिळताच माझ्या पोटातले पाहुणेही जागे झाले. प्रत्येकजण आपला घास ओढू लागला. कुणाला नवी जाहिरात हवी, कुणाला नवा ढग. रुपाचे एक पान उघडायला दहा मिनिटे लागत होती. तरी तिने सगळे भरत आणले. फोटो चढला. सहीसुद्धा चढली. शेवटचे बटण तेवढे दाबायचे राहिले होते.

तेवढ्यात अर्जाच्या बरोबर मधोमध एक निळी खिडकी उघडली. ‘अद्ययावत करण्यासाठी पुन्हा सुरू करायचे का?’

गुरुजींना वाटले, अर्जच काहीतरी विचारतो आहे. सवयीने त्यांचे बोट पुढे झाले. ‘हो.’

पडदा काळा झाला. मग निळा. मग एक चक्र गरगर फिरू लागले आणि खाली अक्षरे आली. ‘तीन टक्के. कृपया संगणक बंद करू नका.’

"आरे देवा, हाई काय व्हयनं!" गुरुजी ओरडले. घाबरले की ते अहिराणीवर येत. "बठ्ठं गयं! बठ्ठं गयं!" सगळे गेले, असे ते म्हणत होते.

रुपाने ओढणीचे टोक मुठीत घट्ट धरले.

गुरुजींनी माझे बटण दाबून धरायला हात घातला, तो ग्रेसी मॅडमनी वरच्यावर पकडला. "सर, आता नको! मध्येच बंद केला तर कायमचा झोपेल."

"मग काय करू?"

"बसा. हे एकच काम करायचं."

आणि ते बसले. मित्रांनो, त्या वेळी माझी बॅटरी किती उरली आहे ते त्यांना पडद्यावर दिसत नव्हते, पण मला कळत होते. खडकावर वीज कुठली? अद्ययावत होण्याच्या एकोणीस टक्क्यांवर मी इतका वेळ अडलो, की रेंग्याने विचारले, "मेला का?" ही नवी दुरुस्ती मी मागितली नव्हती. ती मला हवी होती, हेही खरे. पण ती आत्ता नको होती. मला तोंड असते तर मी त्या पोरीची माफी मागितली असती.

साडेतीन वाजून गेल्यावर मी पुन्हा जागा झालो. बॅटरी एकवीस टक्के. गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला, आणि लगेच पुन्हा हवामान, सफाई, खरेदी, सगळ्या खिडक्या धडाधड उघडल्या. गुरुजी एकेक बंद करू लागले. एक मिटली की दोन उघडत.

रेंग्या इतका वेळ पाहत होता. तो म्हणाला, "गुरुजी, कुंपणाला भोक ठेवून गुरं हाकत बसलात, तर इथंच संध्याकाळ होईल."

ग्रेसी मॅडम थांबल्या. त्यांनी रेंग्याकडे पाहिले आणि पटकन मोबाइलचे इंटरनेट बंद केले. "बरोबर बोलले काका. आधी भोक बुजवू."

माझ्या पोटातली ओढाताण एकदम थांबली. मग मॅडमनी माझ्यातल्या प्रोग्रामांची यादी उघडली आणि प्रत्येक नावावर बोट ठेवून गुरुजींना विचारले, "याला तुम्ही बोलावलं होतं?"

"नही."

"आणि याला?"

"नही. पन इतला गोडमा इचारी ऱ्हायनात त्या, नही कसं म्हनू?"

मॅडमना हसू आवरेना. "सर, दारात येईल त्याला पाटावर बसवलंत, आणि घरचीच लेक उपाशी राहिली!"

गुरुजी ओशाळले. त्यांनी रुपाकडे पाहिले आणि मग स्वतःच, एकेक करून, सगळ्यांना काढून टाकले. शेवटी मॅडमनी मला एक सूचना देऊन ठेवली, की हे मोबाइलचे इंटरनेट जपून वापरायचे आहे, यावरून मोठे काही उतरवायचे नाही. मग त्यांनी इंटरनेट पुन्हा जोडले.

कसे सांगू तुम्हाला! डोक्यावरचा लाकडाचा भारा उतरवल्यावर मानेला वाटते, तसे मला वाटले. रुपाने अर्ज पहिल्यापासून भरला. या वेळी पाने भराभर उघडत होती. माझी बॅटरी उतरत होती, पण आमच्या दोघांच्या मध्ये कुणी नव्हते. चार वाजून बावीस मिनिटांनी तिने शेवटचे बटण दाबले.

‘आपला अर्ज मिळाला आहे.’

"झालं?" रेंग्याने विचारले.

"झालं, बाबा."

"मग रडतेस कशाला?" असे म्हणून तो स्वतःच दुसरीकडे पाहू लागला. मग त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, औत सोडल्यावर बैलाच्या पाठीवर मारतात तशी. त्यानंतर थोड्याच वेळात मी विझलो. अगदी शांतपणे विझलो.

मित्रांनो, दुरुस्त्या वाईट नसतात. त्या लसीसारख्या असतात, टोचून घ्यायलाच हव्यात. पण पेरणीच्या ऐन घाईत कुणी लस टोचायला थांबते का? आता ग्रेसी मॅडम दर शनिवारी, शाळा सुटल्यावर, वीज असताना मला त्या देतात. आणि आम्हा यंत्रांच्या पडद्यावर कुणी तुमचा होकार मागितला, तर आधी नीट वाचा. नको असेल तर नाही म्हणा. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

गुरुजी हे आता शिकत आहेत. परवाच एक नवी खिडकी उघडली. त्यांनी चष्मा पुसला, सगळा मजकूर मुलांसमोर मोठ्याने वाचला आणि भीतभीत ‘नको’वर बोट ठेवले. मग खिडकी रुसते की काय, म्हणून वाट पाहत बसले. ती मुकाट्याने मिटली. मागे राहिला फक्त रुपाच्या नर्सिंगच्या वर्गाचा फोटो, जो तिने शाळेला पाठवला होता आणि गुरुजी मुलांना दाखवणार होते.