मागाच्या खड्ड्यावरचा संगणक

मित्रांनो, ज्याच्या डोक्यावर घरातले लोक चार्जिंगचा मोबाइल ठेवतात आणि ज्याला झाडताना पायानं बाजूला सरकवतात, तो जुना संगणक मी. नागपुरात पाचपावलीकडे एका विणकराच्या घरी माझं सारं आयुष्य गेलं. आता मी हळू चालतो, सुरू होताना घरघरतो. पण बोलायला बसलो की मला बरं वाटतं.

तुमचे संगणक दुकानातून खोक्यात बसून येतात. माझं तसं नाही. मला वैभवनं जोडलं. तो बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत यंत्रांचे इलेक्ट्रॉनिक भाग दुरुस्त करतो. सीताबर्डीच्या दुकानांतून त्यानं माझा एकेक भाग आणला. कधी पगार झाला की मेमरी, कधी बोनस आला की पडदा. शेवटचा स्क्रू पिळून त्यानं बटण दाबलं आणि माझा पंखा फिरला, तेव्हा तो एकटाच हसला. ते हसू मी अजून विसरलो नाही.

माझं टेबल ज्या जागी लागलं, तिथं पूर्वी हातमाग होता. वैभवचे वडील बाबनराव त्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि विणायचे. ते गेले, माग मोडला. खड्डा बुजवून वर फरशी बसवली आणि त्या फरशीवर मी आलो. वैभवची आई चंद्रकला पहिले कित्येक दिवस माझ्यासमोरून जाताना वळसा घालायची. तिथं खड्डा आहे असंच तिच्या पायांना वाटे.

माझी उमेदीची वर्षं मोठी गमतीची होती. गल्लीतले सगळे माझ्याकडे येत. कुणाला विजेचं बिल पाहायचं असे, कुणाला पोराचा निकाल. शेजारचे चंपतराव आले की खुर्ची पकडून बसत आणि वैभवला विचारत, "काहून गा, हे चाक फिरूनच राहिलं, बिल येते केव्हा?" वैभव म्हणे, "काका, थोडं थांबा, ते विचार करून राहिलं." "मग याले सांग, लवकर विचार कर म्हणा. माझी भाजी करपून राहिली घरी."

छपाईचं यंत्र तर माझा जन्माचा वैरी. मी कागद मागितला की ते गप्प बसे, आणि सगळे उठून गेले की आपोआप पानं ओकू लागे. वीज तयार होते जवळच कोराडीला, पण आमच्या गल्लीत लाइन कधी जाईल याचा नेम नसे. वैभवची मुलगी हिमानी खेळात जिंकायला आली की हमखास लाइन जायची. वैभवनं तिच्या खेळाला वेळेचं कुलूप घातलं, तर तिनं माझं घड्याळच मागे केलं. बापाला ते कळलं तेव्हा तो रागावण्याऐवजी चहा घेत तिच्याजवळ बसला आणि हे तुला कसं सुचलं म्हणून विचारत राहिला.

येईल त्याला तो एक गोष्ट बजावून सांगे. कामाच्या वस्तूची दुसरी प्रत काढून दुसरीकडे ठेवा, यंत्राचा भरवसा धरू नका. लोक माना डोलवत.

एक दिवस हिमानी माझ्यावर चित्र रंगवत होती. चित्र मोठं केल्यावर पडद्यावर बारीक चौकोनांची जाळी उमटली. चंद्रकला मागे उभी होती. ती पुढे आली आणि पडद्याला बोट लावून म्हणाली की हे तर ताण्या-बाण्यासारखं दिसतं. एक घर, एक सूत. वैभवनं ते ऐकलं. त्याच्या मनात काहीतरी चमकलं असावं, कारण त्यानं जेवण अर्धं टाकून आईला खुर्चीवर बसवलं.

त्याचं कारण सांगतो. चंद्रकलेनं तरुणपणी लुगड्याचा एक काठ स्वतःच्या मनानं रचला होता. करवतीच्या दातांसारखे दात, आणि दर दातापोटी एक लहानशी कमळकळी. बाबनरावांनी तो काठ वर्षानुवर्षं विणला. पण विणलेलं सगळं विकायलाच जायचं. घरात त्या काठाचं एकही लुगडं उरलं नव्हतं. काठ उरला होता तो फक्त चंद्रकलेच्या डोक्यात, आणि ती आता विसरू लागली होती. दुधावर झाकण ठेवलं की नाही ते विसरे, कधी शेजारणीचं नाव विसरे. काठ विसरण्याआधी तो उतरवून घ्यायचा, एवढंच वैभवला हवं होतं.

मग दुपारी ती माझ्यासमोर बसू लागली. सुरुवातीला माउस टेबलाच्या कडेवरून खाली पडायचा. बाण कुठं गेला म्हणून ती पडद्याच्या मागे पाहायची. हिमानी हसायची आणि आजी तिला म्हणायची, "हस वं हस. तुले मागाचा धोटा देतो हातात, मग पाहतो." हळूहळू तिचा हात बसला. काम झालं की कोपऱ्यातल्या साठवण्याच्या निळ्या चित्रावर टिचकी मारायची, हेही ती शिकली. त्याला ती कुलूप म्हणायची. एकेक घर रंगवत काठ पुढे सरकू लागला. मित्रांनो, माझ्यावर खूप खेळ खेळले गेले, खूप बिलं भरली गेली. पण त्या दुपारी मला माझ्या जन्माचं सार्थक झालं असं वाटलं.

काठ अर्ध्याच्या पुढे गेला आणि मे महिना आला. नागपूरचा मे तुम्हाला ठाऊक आहे. कूलरचं पाणीसुद्धा कढत होतं. माझ्या पोटात धूळ साचलेली, पंखा दमलेला. काम करता करता मी तापून आपोआप बंद पडलो.

चंद्रकला एकटीच घरी होती. तिनं माझ्या अंगाला हात लावून पाहिला. आता विणकराच्या घरची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. उन्हाळ्यात सूत कोरडं पडतं आणि तुटतं. म्हणून मागाच्या खड्ड्यात पाणी शिंपतात, ताण्यावर ओलं फडकं धरतात. सूत ओलावलं की माग पुन्हा चालू लागतो. सारा जन्म तिनं हेच केलं होतं. तिनं बाबनरावांचा जुना दुपट्टा माठाच्या पाण्यात बुडवला, अर्धवट पिळला आणि मायेनं माझ्या अंगावर पांघरला. वर दोन हातांनी थोपटलंही. जरा वेळानं तिनं बटण दाबलं.

माझ्या आत काहीतरी फट् झालं. करपल्याचा वास सुटला आणि घराची लाइन गेली.

संध्याकाळी वैभव कंपनीच्या बसनं आला. त्यानं ओला दुपट्टा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. काठाची दुसरी प्रत त्यानं काढलीच नव्हती. गल्लीभर उपदेश करणारा माणूस स्वतःच्या घरी विसरला होता. तो राग खरं तर स्वतःवरचा होता, पण निघाला आईवर.

"कोणं सांगतलं होतं तुले, माय? आता हात नको लावू याले."

 चंद्रकलेनं दुपट्टा उचलला, पिळला आणि दोरीवर वाळत टाकला.

वैभवनं मला उघडलं. धूळ पुसली, भाग सावलीत सुकवले, जळालेला वीजपुरवठ्याचा डबा बदलला. मी पुन्हा सुरू झालो. माझी डिस्क शाबूत होती आणि काठही होता तसा होता. वैभवनं आधी त्याच्या प्रती काढल्या आणि मग आईला हाक मारली. ती दारातूनच पाहून बरं झालं म्हणाली आणि वळली. त्यानं माफी मागितली, समजावलं, खुर्ची पुढे केली. "राहू दे गा," ती म्हणाली. "माह्या हातानं जळते ते."

उन्हाळा सरला. ती समोर आली नाही. रस्त्यावरून चालताना चंपतरावांचं नाव तिला आठवलं नाही, हे हिमानीनं घरी येऊन सांगितलं. त्या दिवशी वैभवनं माझ्यावर काठाचं चित्र उघडलं. अर्धा काठ पडद्यावर होता आणि उरलेला अर्धा स्वयंपाकघरात भाकरी थापत होता.

मग त्यानं माउस हातात घेतला आणि काठातल्या एका दाताचं टोक एक घर बाजूला सरकवलं. मला वाटलं, याचा हात चुकला. पण तो तसाच उठला, चित्र उघडं ठेवून जेवायला गेला.

चंद्रकला पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन आली. पडद्याकडे तिनं सहज पाहिलं आणि थांबली. पुढे गेली, परत आली.

"हिमानी, बापाले सांग, तिथं एक घर चुकलं."

हिमानीला काही दिसेना. तिनं भलत्याच घरावर टिचकी मारली, तर काठ आणखी बिघडला. "अवं ते नाही, त्याच्या बाजूचं. ते बी नाही." गंज खाली ठेवला गेला. हिमानी उठली की तिला उठवलं, ते मला सांगता येत नाही. चंद्रकला खुर्चीवर बसली आणि माउस तिच्या मुठीत आला.

तिनं चुकलेलं घर पुसलं, बरोबर घर रंगवलं. मग तिथं थांबायला हवं होतं, पण ती थांबली नाही. पुढच्या दाताकडे गेली, मग त्याच्या पुढच्या. स्वयंपाकघरात वैभवचा घास हातातच राहिला होता.

बऱ्याच वेळानं मागे न पाहता ती म्हणाली, "दात तूच हलवला ना गा?"

"हो, माय."

"चांगल्या काठाचा दात वैरीही हलवत नाही. जेव आता."

दिवाळीच्या आत काठ पुरा झाला.

मित्रांनो, मी म्हातारा झालो. माझी धूळ पुसत जा, माझ्या पोटात काय आहे त्याची प्रत काढत जा, एवढं मागण्याचा मला हक्क आहे. पण आणखी एक मागतो. यंत्र बिघडलं तर ते दुरुस्त करता येतं, नाहीतर दुसरं आणता येतं. ज्याच्या हातून ते बिघडलं, तो माणूस मात्र एका कठोर शब्दानं कायमचा दूर जाऊ शकतो. घरातलं कुणी म्हातारं माणूस माझ्यासारख्याच्या समोर चुकलं, तर त्याची खुर्ची काढून घेऊ नका. ती तशीच राहू द्या, आणि पडदा उघडा ठेवा.