वेळ मलाच ठाऊक

माझ्या बाळंतपणाचा मुहूर्त माझ्या सासऱ्यांनी काढला होता. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून गजाननरावांच्या हातून पंचांग सुटत नाही. कुणाची गाडी, कुणाचं घर, तशी माझी प्रसूती.

हबीबगंजच्या हॉस्पिटलात माझ्या कळा व्यवस्थित वाढत होत्या, बाळाचे ठोके छान होते. मी डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांगितलं, "ऑपरेशन नको. मला थांबायचंय."

त्या हसल्या. "बेटा, घरवालों ने सब तय कर लिया है."

मग इंजेक्शनसाठी म्हणून नर्सने माझी सही घेतली आणि मला थेट ऑपरेशनला नेलं. मी नको नको म्हणून ओरडत होते. माझा नवरा समीर दाराशी मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता.

लेक सुखरूप आली. पण माझा राग काही गेला नाही. खरं सांगायचं तर मीच तो जाऊ दिला नाही.

बारशाला बिट्टन मार्केटजवळच्या आमच्या घरी पाहुणे मावेनात. लेकीचं नाव सई ठेवलं, घुगऱ्या वाटून झाल्या. मग सासरे पत्रिका घेऊन उभे राहिले. "राजयोगावर जन्मलीय माझी नात!"

"बाबा, पत्रिका चुकलीय," मी म्हणाले. "मुहूर्त टळून गेला होता. मी शुद्धीवर होते, घड्याळ बघत होते. तुम्हाला हवी तीच वेळ डॉक्टरांनी सांगितली."

त्यांनी सगळ्यांसमोर फोन लावला, स्पीकरवर.

"एकदम मुहूर्त पर हुई है, भाईसाहब!" डॉक्टरीणबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

दुसरं काय म्हणणार होत्या? सासऱ्यांनाही ते कळलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"मग खरी वेळ कोणती, सूनबाई?"

"नाही सांगणार."

"अगं, लेकराच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"आणि पोट माझं होतं. मला विचारलंत?"

"मधुरा, प्लीज," समीर म्हणाला. त्यालाही नाही म्हटलं.

आता सासरे रोज चहाच्या वेळी विचारतात. आवाज अगदी मवाळ झालाय. परवा तर हात जोडले. मी नाही म्हणते, आणि त्यांना ते ऐकून घ्यावं लागतं. काय गार वाटतं म्हणून सांगू!

घड्याळाचं म्हणाल, तर माझ्या तोंडासमोर हिरवं कापड टांगलं होतं. मला काहीच दिसलं नव्हतं.